शिजलेलं कोणाच्या पानात पडतं?

स्वयंपाकाचं शिक्षण देणारी संस्था निवडायची असेल तर एक प्रश्न सगळ्यात आधी विचारा, असं मी पालकांना सांगतो : तुमच्याकडे मुलं जे शिजवतात ते जेवतं कोण? फी, वसतिगृह, प्लेसमेंट, सगळं त्यानंतर. जिथे रोज शंभर माणसांचं जेवण विद्यार्थ्यांच्या हातून होतं, तिथला माणूस लगेच बोलायला लागतो. आज काय केलं होतं, किती उरलं, भात कसा झाला होता. जिथे प्रात्यक्षिक म्हणजे सरांनी एक पदार्थ करून दाखवायचा आणि वर्गाने तो चमच्याने चाखायचा, तिथे या साध्या प्रश्नाला लांबलचक उत्तर मिळतं.

माझं शिक्षण दादरच्या सरकारी संस्थेतलं. देशातलं हे पहिलं केटरिंग कॉलेज १९५४ साली निघालं. स्वातंत्र्यानंतरची ती धान्यटंचाईची वर्षं. लीलावती मुन्शी यांनी अखिल भारतीय महिला केंद्रीय अन्न परिषद उभी केली आणि त्या कामातून ही संस्था आली. अमेरिकेतली आजची नामांकित क्युलिनरी इन्स्टिट्यूट १९४६ साली न्यू हेवनमध्ये सुरू झाली, तीही महायुद्धावरून परतलेल्या सैनिकांच्या हाताला काम मिळावं म्हणून. या शिक्षणाच्या मुळाशी भूक आणि रोजगार आहे. टीव्हीवरच्या स्पर्धा बघून शेफ व्हायला निघालेल्या मुलांना मी हे मुद्दाम सांगतो. पांढरा कोट आणि उंच टोपी त्यांना माहीत असते. पंगत माहीत नसते.

आमच्याकडे पहिल्या वर्षी बेसिक किचन. कांदा चिरणं, स्टॉक, सॉस, अंडं. दुसऱ्या वर्षी क्वांटिटी किचन, आणि माझ्या मते खरं शिक्षण तिथे होतं. चार माणसांच्या आमटीचं प्रमाण पंचवीसने गुणलं की शंभर माणसांची आमटी होत नाही. खोल टोपात पाणी आटतं कमी, म्हणून ते हिशोबापेक्षा कमीच घालावं लागतं. पाच किलो कांदा एकदम टाकला तर तो परतला जात नाही, स्वतःच्या पाण्यात उकडतो. त्याला वेळ द्यावा लागतो किंवा दोन घाण्यांत करावा लागतो. माशाचं कालवण मोठ्या भांड्यात असेल तर आच बंद केल्यावरही आतल्या उष्णतेने मासा शिजत राहतो. बांगडा ताटात तुकड्याने जायला हवा असेल तर घरच्यापेक्षा लवकर आच बंद करावी लागते. हे पुस्तकात लिहिता येतं, पण कळतं ते साडेबाराला माणसं रांगेत उभी असताना.

म्हणून संस्था बघायला जायचं ते प्रवेशाच्या समारंभाला नाही. कामाच्या दिवशी, सकाळी साडेअकराच्या सुमाराला जावं. तेव्हा प्रात्यक्षिक ऐन भरात असतं. आत सोडत नसतील तर दारातून बघू द्या म्हणावं. एका शेगडीमागे किती मुलं उभी आहेत? दोन असतील तर ठीक. सहा असतील तर त्यातली चार नुसती बघतायत. मग कचऱ्याची बादली बघावी. तिच्यात गाजराचे जाडजूड तुकडे, कोबीची चांगली पानंच्या पानं दिसली, तर त्या संस्थेत मालाचा हिशोब शिकवत नाहीत. चांगल्या किचनमध्ये सालं आणि देठ स्टॉकच्या भांड्यात जातात आणि इंडेंटवर, म्हणजे मालाच्या मागणीपत्रावर, किती माल आला, किती वापरला याची नोंद फळ्यावर दिसते. जमीन कोरडी आहे का, सिंकपाशी साबण आहे का, कच्चं मांस आणि भाजी एकाच फळीवर कापतायत का, हे बघायला शेफ असावं लागत नाही. कोकणातली कुठलीही आई ते दोन मिनिटांत सांगेल.

असं बघून येणं अवघडही नाही. रत्नागिरीतून तुतारी एक्स्प्रेस पकडली की सकाळी दादरला उतरता येतं, आणि खाली उतरायचं तर गोव्यात पर्वरीला अशीच सरकारी संस्था आहे. लाखांत फी भरणाऱ्याने तिकिटाचा खर्च वाचवू नये.

आता नावांचा घोळ. हॉटेल मॅनेजमेंट आणि क्युलिनरी हे दोन वेगळे अभ्यासक्रम आहेत. हॉटेल मॅनेजमेंटच्या राष्ट्रीय परिषदेची तीन वर्षांची पदवी, जिला संयुक्त प्रवेश परीक्षेतून जावं लागतं, ती चारही खाती शिकवते : किचन, सर्व्हिस, फ्रंट ऑफिस, हाउसकीपिंग. ज्याला फक्त शेगडीपाशी उभं राहायचंय त्याला बिछान्याच्या चादरीच्या घड्या शिकताना कंटाळा येतो. तरीही ती पदवी मी सुचवतो, कारण अठराव्या वर्षी कोणालाच स्वतःबद्दल एवढी खात्री नसते; पुष्कळ मुलं किचनसाठी येतात आणि फ्रंट ऑफिसमध्ये रमतात. पण घरची परिस्थिती बेताची असेल, मुलगी आत्ताच बिऱ्हाडाला हातभार लावणारी हवी असेल, तर परिषदेच्याच अखत्यारीत फूड प्रॉडक्शनचे दीड वर्षाचे अभ्यासक्रम आहेत, त्यात हॉटेलातलं प्रशिक्षणही धरलेलं आहे. आयटीआयमध्येही फूड प्रॉडक्शनचा एक वर्षाचा ट्रेड असतो. त्याला कमी लेखणाऱ्यांचं मला कधीच पटलेलं नाही. मोठ्या किचनमध्ये हात चालतो की नाही एवढंच बघितलं जातं, आणि पदवीधरही सुरुवात ‘कॉमी’, म्हणजे सगळ्यात खालच्या पायरीवरचा स्वयंपाकी, म्हणूनच करतो.

हॉटेलातल्या प्रशिक्षणाबद्दल मात्र कसून विचारा. पदवीत ते दुसऱ्या वर्षी असतं, एका सत्राचं. मुलाला त्या महिन्यांत खात्यागणिक फिरवतात का? त्याची लॉगबुक संस्थेतला कोणी वाचतो का? मागच्या वर्षीच्या दोन विद्यार्थ्यांचे फोन मागून घ्या. स्वस्तातलं मनुष्यबळ म्हणून सहा महिने लसूण सोलत बसवलेली मुलं मी पाहिली आहेत. त्यांचा उत्साह तिथेच संपला. चांगल्या संस्थेत अशा वेळी शिक्षक हॉटेलला फोन करतात.

रत्नागिरीच्या मुलाजवळ एक भांडवल आधीपासून असतं. मिरकरवाड्याच्या बंदरावर वाढलेल्या पोराला ताज्या सुरमईचा डोळा आणि गिल कसे दिसतात हे शिकवावं लागत नाही. तिरफळ ठेचायचं, पण बी काढून, हे त्याने आजीकडे पाहिलेलं असतं. ओल्या काजूगराची उसळ, कुयरीची भाजी, उकडीच्या पारीला लागणारी पिठाची वाफ, हे तो जाणतो. परदेशी पुस्तकातली माशाच्या कापांची नावं तो आठवड्यात पाठ करेल. त्याला संस्थेकडून हवं असतं ते निराळंच : एका ताटाला खर्च किती येतो, जून-जुलैत मासेमारी बंद असताना मेनू कसा बदलायचा, शंभर उकडीचे मोदक एकसारखे कसे वळायचे, कालचं कालवण किती अंशांपर्यंत थंड करून ठेवायचं आणि कधी टाकून द्यायचं. घरची चव कोणी शिकवत नाही, पण तिला रोजच्या रोज तशीच उभी करायची पद्धत शिकता येते. गणपतीपुळ्याच्या वाटेवर निघालेल्या घरगुती खानावळींत हाताला चव असलेल्या बायका खूप आहेत. पोट भरून खर्च भागवणारा हिशोब मात्र फार थोड्यांना जमतो. तो शिकून कोणी परत आलं तर या जिल्ह्याचं फार भलं होईल, असं मला मनापासून वाटतं. म्हणून संस्थेत गेल्यावर कॉस्टिंग कोण शिकवतं, हेही विचारा.

इंग्रजीची भीती पालक बोलून दाखवतात. ती रास्त आहे, प्रवेश परीक्षेत इंग्रजीचा भाग असतो आणि वर्गही इंग्रजीत चालतात. पण मराठी शाळेतून गेलेली मुलं पहिल्या सत्रात अडखळतात आणि तिसऱ्यात किचनमध्ये ऑर्डर पुकारतात, हे मी माझ्या वर्गात पाहिलं.

फॉर्म भरायच्या आधी मुलाला एक दिवस माझ्या किचनमध्ये पाठवा, असं मी सांगतो. मे महिन्यात, आंब्याची आणि पाहुण्यांची गर्दी असते तेव्हा. सकाळी सहाला यायचं, नखं कापून, बंद बूट घालून. नारळ फोडणं, खोवणं, मासे धुणं, दुपारी वाढणं, चारला टोप घासणं. संध्याकाळी मी त्याला एवढंच विचारतो : आज किती पानं झाली? ज्याला आकडा माहीत असतो त्याच्यासोबत बसून मी फॉर्म भरतो.