पेनच्या गावातली बिअर

लंडनहून ट्रेनने तासाभरात लुइस येतं. ‘तिथली हार्वेज पी,’ एवढंच ऑफिसातल्या मित्राने सांगितलं होतं. हार्वेज ही गावातली जुनी ब्रुअरी, 1790 पासूनची. गावाचा तिच्यावर इतका जीव, की 2006 मध्ये लुइस आर्म्स या पबमध्ये ती मिळेनाशी झाली, तेव्हा नेहमीच्या गिऱ्हाइकांनी पबवर 133 दिवस बहिष्कार टाकला. शेवटी मालक कंपनी नमली.

मी मात्र आधी व्हाइट हार्टसमोर थबकलो. थॉमस पेन 1768 ते 1774 या गावात होता. अबकारी खात्यातला साधा नोकरदार. या सराईत बसून मित्रांशी राजकारणावर वाद घालायचा. पुढे नोकरी गेली, तो अमेरिकेला गेला, नंतर ‘राइट्स ऑफ मॅन’ लिहिलं. ते पुस्तक पुण्यात तरुण जोतीराव फुल्यांनी वाचलं. 1848 मध्ये भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू झाली.

त्याच भिडेवाड्यासमोरून कॉलेजची चार वर्षं मी बसने गेलो. लक्ष कायम समोरच्या दगडूशेठकडे. वाडा पडका, मळकट. एकदाही उतरलो नाही. डिसेंबर 2023 मध्ये स्मारकासाठी तो पाडला, तेव्हा फोनवर व्हिडिओ पाहिला आणि पुढे सरकवला.

लुइस आर्म्समध्ये हार्वेज घेतली. कडवट, आपल्या मानाने कोमटच. शेजारच्या आजोबांना उत्साहाने पेन ते फुले सगळं सांगितलं.

“अरे वा! मग ती शाळा बघायला मिळते?”

“पाडली,” मी म्हणालो. “स्मारक बांधणार आहेत.”

त्यांनी मान हलवली आणि आपला ग्लास उचलला.