गलोलीचे रबर

सरकारी कचेरीत एखादी वस्तू निकामी ठरावयाची तर तिला आधी मोडावे लागते. खुर्चीचा पाय निखळेपर्यंत ती जडसंग्रहाच्या नोंदवहीत सुस्थितीत नांदत असते. बदल्यांच्या गावी आयुष्य वेचलेल्या आम्हां मंडळींच्या अंगी हा न्याय इतका मुरला आहे की, घरातल्या वस्तूंसही आम्ही तोच लावतो. गलोलीच्या रबरास मात्र तो लावून चालत नाही.

रायपूरच्या समता कॉलोनीत आम्ही राहतो. शेजारच्या चौबे कॉलोनीत महाराष्ट्र मंडळ असल्यामुळे मराठी कानांवर पडते. तरी आमची नातवंडे गलोलीस 'गुलेल' आणि पेरूस 'बिही' म्हणतात. त्याच बिहीचे बेचके, दोन रबरी पट्टे आणि खडा धरावयास चामड्याचा तुकडा, एवढा त्यांचा सरंजाम. पाखरांवर नेम धरावयाचा नाही, गोणपाटापुढे टांगलेल्या रिकाम्या डब्यावरच धरावयाचा, हा घरचा कायदा. रबर तपासण्याचे खाते आमच्याकडे आहे.

गलोल हा शब्द बेचक्याच्या रबराहून जुना. पूर्वीची गलोल म्हणजे मातीच्या गोळ्या फेकणारे धनुष्यच. चार्ल्स गुडइयरने १८३९ साली गंधक आणि उष्णता यांच्या योगे रबर टिकाऊ करण्याची युक्ती शोधली, त्यानंतर आजची गलोल शक्य झाली. तथापि जाणता धनुर्धर काम संपताच धनुष्याची दोरी उतरवून ठेवतो, ती शिस्त रबरासही लागू आहे.

कारण ताणलेल्या रबराचा वैरी हवेतच असतो. हवेतला ओझोन ताण असेल तेथे रबराचे सूक्ष्म धागे तोडतो आणि ताणाला आडव्या बारीक भेगा पाडतो. सैल रबराच्या वाटेस तो फारसा जात नाही. म्हणून बेचक्याभोवती आवळून गुंडाळलेले रबर एकही खडा न मारता म्हातारे होते. दुसरा वैरी ऊन. वैशाखात येथील पारा पंचेचाळीस अंशांच्या घरात जातो. गच्चीवर विसरलेल्या गलोलीचे काय होत असेल ते सांगावयास नको. तेल आणि रॉकेल रबरास फुगवून दुबळे करतात. तेव्हा खोबरेल चोळण्याचा मोह आवरावा. शंखजिऱ्याची पूड लावून, सैल सोडून, डब्यात अंधारी ठेवावे, एवढीच त्याची सेवा.

पातळ पट्टा खडा वेगाने फेकतो, पण लवकर जातो. सायकलच्या ट्यूबचा पट्टा मंद, परंतु चिवट. पट्टा कापताना कडेस राहिलेली लहानशी खाच प्रत्येक ताणाबरोबर आत सरकते. शेवटच्या टोकापर्यंत न ओढता थोडे अलीकडे थांबल्यास आयुष्य पुष्कळ वाढते.

एवढी काळजी दोन दिडक्यांच्या रबरासाठी नव्हे. नेम धरताना बेचके डोळ्यांसमोर असते आणि ओढणारा हात गालापाशी. पट्टा बेचक्यापाशी बांधला असेल तेथे तुटला, तर सुटलेले टोक उलटून थेट चेहऱ्यावर येते. रबर पुन्हा मिळते; डोळा मिळत नाही. म्हणून दर रविवारी आम्ही पट्टे चेहऱ्यापासून दूर धरून उजेडात थोडे ताणतो, कडा पाहतो, गाठी पाहतो. एका पट्ट्यावर भेग दिसली तरी दोन्ही बदलतो, कारण जुन्यानव्याची जोडी सारखी ओढत नाही आणि खडा भलतीकडे जातो.

"आजोबा, अजून तर छान चालते आहे!" अशी तक्रार दर वेळी होते. तक्रार खरीही असते. आम्ही ती ऐकून घेतो आणि पट्टे कात्रीने मधोमध कापतो, म्हणजे मागल्या दाराने ते पुन्हा सेवेत रुजू होत नाहीत. चालत असतानाच निकालात काढावयाची, अशी ही आमच्या साऱ्या संग्रहातील एकच वस्तू आहे.