आपला का त्यांचा?

मुलांनो, आमच्या अकोल्याच्या मधून मोर्णा नदी वाहते. नदीच्या एका अंगाला स्टेशन, ताजनापेठ, मोठमोठी दुकानं. आणि दगडी पूल ओलांडला की जुनं शहर. माझं माहेर जुन्या शहरात. लग्नानंतर मी अमरावतीला आले, त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. तरी कुणी ‘घर कुठलं?’ म्हणून विचारलं, की तोंडातून आधी जुनं शहरच निघतं.

अकोल्याचा उन्हाळा तुम्ही ऐकून असाल. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो. माझ्या लहानपणी सगळ्यांकडे कूलर नव्हते. रात्री सारी गल्ली गच्चीवर झोपायला जायची. गच्च्या एकमेकींना लागून. त्यामुळे एका गच्चीवर सुरू झालेली गोष्ट तिसऱ्या गच्चीवरची म्हातारी संपवायची, आणि मधेच कुणीतरी ओरडायचं, “झोपा न गा आता, पोट्ट्यायहो!”

आजीची आवडती गोष्ट राजराजेश्वराची. राजराजेश्वर म्हणजे अकोल्याचं ग्रामदैवत. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी गांधीग्रामहून पूर्णा नदीचं पाणी खांद्यावरच्या कावडींनी आणतात आणि त्याला अभिषेक करतात. अख्खं गाव रात्रभर जागं असतं. तर आजी सांगायची, की अकोलसिंह राजाची राणी रोज मध्यरात्री एकटीच कुठंतरी जायची. राजाच्या मनात संशय आला. त्यानं तलवार उपसली आणि तिच्यामागं गेला. राणी गेली ती थेट महादेवाच्या देवळात. तिनं देवाला हात जोडले, पिंड दुभंगली आणि राणी आत गडप झाली. “अन् राजा मग काय करते? बसला तलवार घेऊन रडत,” असं म्हणून आजी कुशीवर वळायची. आम्ही विचारायचो, “त्यानं आधी विचारलं काहून नाही?” आजी म्हणायची, “तेच तं.”

देवळाच्या गोष्टीतला राजा अकोलसिंह; आणि गावातला किल्ला मात्र असदगड, औरंगजेबाचा वजीर असदखान याच्या नावाचा. त्याचं बांधकाम १६९७ सालचं. आम्हा मुलांना या नावांचं काहीच वाटायचं नाही. किल्ल्यावरून मोर्णा छान दिसायची, एवढंच आम्हाला ठाऊक.

असं लिहिलं, की सगळं कसं गोड गोड वाटतं! पण तसं नव्हतं बरं का. आमच्या मागच्या गल्लीत एक चाची राहायच्या. त्यांच्या घरी गाद्या-रजया भरून मिळायच्या. कापूस पिंजायला लागले, की आमच्या खिडकीपर्यंत तंतू उडत यायचे आणि माझी आई चिडायची. नळ यायचा चार-चार दिवसांनी. मग गुंड आणि बादल्यांवरून अशी भांडणं व्हायची, की विचारू नका! चाची आणि आई एकमेकींशी महिना महिना बोलत नसत. मग ईद यायची किंवा आमच्याकडे कुणी आजारी पडायचं, आणि बोलणं आपोआप सुरू व्हायचं. पण एक गोष्ट खरी. त्या गल्लीला आम्ही ‘त्यांची गल्ली’ म्हणायचो. गल्लीला नाव होतं, पण ते कधी कुणी घेतलं नाही. आणि त्या गल्लीतली मुलं आमच्या गल्लीला काय म्हणत असतील, हे मी तेव्हा कधी विचारलं नाही.

आता २०२३ सालची गोष्ट. माझा मुलगा सहावीची परीक्षा देऊन मामाकडे गेला होता. शनिवार, १३ मे. रात्री माझ्या भावाचा फोन आला. एका इन्स्टाग्रामवरच्या मजकुरावरून दोन गट भिडले होते. जुन्या शहरात दगडफेक चालली होती, गाड्या जळत होत्या. भाऊ म्हणाला, “घाबरू नको. आम्ही सारे अंदर आहो. पोरगं माझ्याजवळ आहे.”

मुलानं फोन घेतला. तो म्हणाला, “आई, टायर जळल्याचा वास येऊन राहिला. मामानं गच्चीचं दार लावून घेतलं.”

गच्चीचं दार! ज्या घरात उन्हाळ्यात गच्चीचं दार कधी लागलं नाही, तिथं ते मे महिन्यात लावलेलं होतं. मला रडू आलं ते त्या वाक्यानं.

आमच्या अमरावतीहून अकोला शंभरेक किलोमीटर. हा रस्ता तर विक्रमी आहे! जून २०२२ मध्ये या मार्गावरचं ७५ किलोमीटरचं डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत झालं आणि त्याची नोंद गिनीज बुकात झाली. वर्षभर आम्ही पाहुण्यांना कौतुकानं तो रस्ता दाखवत होतो. त्या रात्री त्याचा काय उपयोग? शहरात संचारबंदी लागली. (जमावबंदी म्हणजे घोळक्यानं जमायचं नाही, संचारबंदी म्हणजे घराबाहेरच पडायचं नाही. हा फरक आमच्या अमरावतीच्या मुलांना पाठ आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये इथंही असंच झालं होतं, आणि राजकमल चौकासारखा गजबजलेला चौक ओस पडला होता.)

दुसऱ्या दिवशी कळलं, की काही माणसं जखमी झाली, त्यात पोलीसही होते. आणि एक माणूस मारला गेला.

आता जे सांगते, ते सांगायला मला लाज वाटते. भावानं फोनवर ‘एक जण गेला’ म्हटल्याबरोबर माझ्या तोंडून निघालं, “कोण? आपला का त्यांचा?”

नाव नाही विचारलं. त्याला मुलंबाळं आहेत का, हे नाही विचारलं. कुठं जात होता, तेही नाही. भाऊ म्हणाला, “आपला होता म्हन्ते.” आणि मग मला वाईट वाटलं. लक्षात येतंय का तुमच्या? आधी उत्तर आलं, मग वाईट वाटलं. त्या दोन्हींच्या मधे जे दोन-तीन क्षण गेले, त्यात माझं दुःख वाट पाहत उभं होतं, की आपण यायचं का नाही.

फोन स्पीकरवर होता. माझ्या मुलानं ऐकलं. तेव्हा तो काही बोलला नाही.

आठवड्याभरानं तो घरी आला. दिवसभर खेळायचा, जेवायचा, सगळं नेहमीसारखं. पण रात्री दिवा मालवू द्यायचा नाही. मी माझ्या आईला फोनवर सांगितलं, तर ती म्हणाली, “मलेही नाही येत झोप. माणूस रोजच्या रस्त्यावर मेला व, मी दूध आणते त्या रस्त्यावर.” माणूस आपल्या घरातला नव्हता, ओळखीचाही नव्हता. तरी घरात काहीतरी गेल्यासारखं झालं होतं. आई दुधासाठी लांबच्या रस्त्यानं जाऊ लागली. तशी ती बरेच महिने जात होती.

चाचींच्या घरचे लोक तर कधीच नव्या वस्तीत राहायला गेले होते. त्यांना फोन करावा असं मला वाटलं. नंबर होता. मी केला नाही. काय बोलणार होते?

त्या माणसाबद्दल हळूहळू आणखी ऐकू येऊ लागलं. तो एका ऑटोत होता. तो ऑटो एका मुसलमान माणसाच्या मालकीचा. तुम्हाला माहीतच आहे, पुष्कळ ऑटो मालकाचे असतात आणि दुसराच कुणी ते भाड्यानं चालवतो. पण ऑटोवरून मारणाऱ्यांनी त्या माणसाला मुसलमान समजून मारलं, असं लोक बोलू लागले. आमच्या नात्यातली एक बाई म्हणाली, “अरेरे! चुकून आपलाच मेला.”

माझा मुलगा तिथंच बसून आलूबोंडा खात होता. त्यानं विचारलं, “चुकून म्हणजे? तो खरंच मुसलमान असता, तर चूक झाली नसती का?”

कुणीच बोललं नाही. ती बाई म्हणाली, “लहान आहे तो.” आणि चहाचं विचारू लागली.

या गोष्टीत आणखी एक मुलगा आहे. तेव्हा तो १७ वर्षांचा होता, म्हणजे तुमच्यापैकी काहींच्या दादाएवढा. तो मुसलमान आहे. त्याचं म्हणणं असं, की चार जण त्या ऑटोतल्या माणसाला मारत असताना त्यानं पाहिलं. मग त्यालाही मारलं, गाडी फोडली, डोक्याला मार लागून त्याला दवाखान्यात न्यावं लागलं. आणि त्यानं सांगूनही पोलिसांनी त्याची तक्रार नोंदवली नाही. पोलिसांचं म्हणणं अर्थातच वेगळं होतं.

गुन्ह्याची पहिली खबर पोलिसांनी लिहून घेतली, तरच तपास सुरू होतो. म्हणून तो मुलगा आणि त्याच्या घरचे नागपूरला हायकोर्टात गेले. तिथं त्यांचा अर्ज फेटाळला गेला. मग ते दिल्लीला सुप्रीम कोर्टात गेले. ११ सप्टेंबर २०२५ रोजी तिथं निकाल लागला. न्यायमूर्ती संजय कुमार आणि न्यायमूर्ती सतीशचंद्र शर्मा यांनी सांगितलं, की गुन्हा नोंदवा आणि तपासासाठी एक खास पथक नेमा. पथकात हिंदू आणि मुसलमान दोन्ही समाजांचे वरिष्ठ पोलीस अधिकारी असावेत. वर्दी चढवल्यावर पोलिसानं आपला धर्म आणि आपली आवड-नावड बाजूला ठेवली पाहिजे, असंही त्यांनी बजावलं. पथकात अधिकाऱ्यांचा धर्म पाहावा का, यावर पुढे नोव्हेंबरमध्ये सरकारच्या फेरविचाराच्या अर्जावर त्याच दोन न्यायमूर्तींची मतं वेगवेगळी पडली. त्या मुलानं सांगितलं तसंच घडलं का, हे तपासानं ठरायचं. मी काही तिथं नव्हते.

पण मी विचार करत होते त्या दोन वर्षांचा. अकरावी-बारावीचं वय. या वयात मुलं क्लासला जातात, मार्कांवरून घरच्यांची बोलणी खातात. हा मुलगा वकिलांकडे जात होता. ज्या माणसाचा जीव गेला, तो त्याच्या नात्यातला नव्हता. ‘आपला का त्यांचा’ या हिशेबात तो ‘त्यांचा’ होता. तरी आपण पाहिलं ते पाहिलं, असं तो सांगत राहिला.

पेपरातली ती बातमी मी माझ्या मुलाला वाचून दाखवली. तो आता नववीत आहे. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “तू फोनवर विचारलं होतं ना मामाला, ते मला आठवते.”

मी म्हटलं, “मलाही आठवते.”

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही अकोल्याला गेलो. स्टेशनबाहेर ऑटोंची रांग. मी पुढच्या ऑटोपाशी गेले आणि थबकले. काचेवर काय लिहिलंय, आरशाला काय टांगलंय, समोर कोणता फोटो आहे, हे माझे डोळे शोधत होते. मुलगा माझ्याकडे पाहत होता.

“काय वाचून राहिली, आई?”

“काही नाही. बसायला जागा पाहत होते.”

ऑटोवाला म्हणाला, “बसा न बाई. कुठी जाचं हाये?”

“जुन्या शहरात.”

आम्ही बसलो. दगडी पुलावर गर्दी होती, ऑटो थांबला. खाली मोर्णा. मला आठवलं, जानेवारी २०१८ मध्ये हजारो अकोलेकर नदी साफ करायला पात्रात उतरले होते. माझी आईसुद्धा काठावर जाऊन उभी राहिली होती. घरी आल्यावर सांगत होती, “कोन कोनाच्या शेजारी उभा होता, काही समजे नाही. साऱ्यायचे हात सारखेच चिखलाचे.”

मुलगा पुढं वाकला. “काका, हा ऑटो तुमचाच आहे का?”

“नाही रे बाबू. मालकाचा हाये. आपण फकस्त चालवतो.”

“मालक कोण आहे?”

ऑटोवाल्यानं आरशातून एकदा मुलाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग समोर पाहत म्हणाला, “हाये एक भला माणूस. काहून रे?”

“असंच,” मुलगा म्हणाला.

पुढची गर्दी सुटली होती. ऑटो पुलावरून खाली उतरला.