साठ हजारवाली

बीपीची गोळी रोज सकाळी, थायरॉइडची उपाशीपोटी, शुगरची जेवणाआधी. हिचा मात्र आठवड्यात एकच दिवस, बहुधा रविवार, कारण तो लक्षात राहतो. पिवळसर, मऊ, उजेडात धरली तर आतलं तेल दिसावं अशी पारदर्शक. पाकिटात अनेकदा चौघीच, म्हणजे महिन्याची बेगमी. कंपनीने नाव काहीही ठेवो, घरात तिला आकड्यानेच ओळखतात.

आकडा दबदबा बसवणाराच आहे. ड जीवनसत्त्वाचे ६०,००० युनिट म्हणजे वजनात जेमतेम दीड मिलिग्रॅम. पण प्रौढ माणसाला ते दिवसाला ६०० युनिट पुरतं, असं आयसीएमआर सांगते. म्हणजे ही बाई येतानाच शंभर दिवसांचा शिधा घेऊन येते. माहेर तसं साधंच. मेंढीच्या लोकरीला जो मेणचट तेलकटपणा असतो, त्यातल्या एका द्रव्यावर अतिनील किरण पाडले की हिचा जन्म होतो. आपल्या कातडीत ऊन हेच काम फुकट करतं, पण पुण्या-मुंबईच्या ऑफिसांत आपण काचेआड बसतो, आणि त्यासाठी लागणारे किरण काचेतून आत येत नाहीत. म्हणून हिला बोलवावं लागतं.

स्वभावाने ती मुक्कामी आहे. ब आणि क जीवनसत्त्वं जास्त झाली तर बरीचशी लघवीवाटे निघून जातात. बी-कॉम्प्लेक्स तर जाताना पिवळाधमक रंग दाखवून जातं. ही चरबीत बिऱ्हाड थाटते. यकृतात एक संस्कार, मूत्रपिंडात दुसरा, असं करत कामाला लागते आणि अन्नातलं कॅल्शियम रक्तात आणते. कमतरता असेल तर सहा-आठ आठवड्यांत काम चोख.

घोळ त्यानंतर होतो. चिठ्ठी हरवते, गोळी चालूच राहते. औषधाच्या दुकानात ओळख असते, कोणी काही विचारत नाही. एखाद्या घरी तर 'कॅल्शियमची रोज, मग हीही रोज' असा हिशेब लागतो. रोजची सुरक्षित मर्यादा सर्वसाधारणपणे ४,००० युनिट धरतात. इथे तिच्या पंधरापट चाललेलं असतं. काही आठवड्यांत वा महिन्यांत रक्तातलं कॅल्शियम चढतं आणि मूत्रपिंडांना पाणी धरून ठेवणं जमेनासं होतं. तोंड कोरडं, पोट साफ नाही, रात्रीतून तीन-चारदा उठणं. घरातले म्हणतात, वय झालं. शेजारचे काका म्हणतात, प्रोस्टेट असेल. मूत्राशयावर नाजूकपणाचा शिक्का बसतो. वरून येईल ते साठवणं एवढंच ज्याच्या हाती, त्याच्यावर! मग संध्याकाळनंतर पाणी तोडतात. इथे तर मला हात जोडावेसे वाटतात, कारण पाणी कमी पडलं की कॅल्शियम आणखी चढतं आणि खड्यांनाही आमंत्रण मिळतं.

मूत्राशय बळकट होईल म्हणून हिला मुद्दाम आणणारेही आहेत. ड कमी असणाऱ्या बायकांत लघवी सुटण्याची तक्रार जास्त दिसते, असं काही पाहण्यांत आढळलं, हे खरं. पण अमेरिकेतल्या 'व्हायटल' या मोठ्या चाचणीत रोज २,००० युनिट वर्षानुवर्षं देऊनही ती तक्रार एकंदरीत घटली नाही. कमतरता असेल तर कमतरतेसाठी घ्यावी. खोकताना थेंब जातात म्हणून घेतली, तर ती तिच्या कामाबाहेरची गोष्ट.

काही घरांत तिने पाऊल टाकण्याआधी विचारायलाच हवं: मूतखडा होऊन गेलेला, टीबी किंवा सार्कॉइडोसिस असलेला, बीपीसाठी थायझाइड घेणारा. पण तिच्याबद्दल विचारतं कोण? दवाखान्यात जाताना पिशवीत बीपीची आणि शुगरची पाकिटं पडतात. ही 'ते काय, टॉनिकच' म्हणून फ्रीजच्या दारात राहते. कॅल्शियमच्या गोळीतही बहुतेक वेळा तिचाच थोडा अंश असतो, तोही मोजला जात नाही. डॉक्टर लघवीची तपासणी लिहितात, सोनोग्राफी लिहितात. हिचं नाव निघालं असतं, तर रक्तातलं कॅल्शियम पहिल्याच दिवशी पाहिलं गेलं असतं. आणि गोळी बंद केली तरी ती लगेच निघत नाही. चरबीतून हळूहळू बाहेर येत राहते, म्हणून पुढचे कित्येक आठवडे तपासणीच्या फेऱ्या माराव्या लागतात.