काजळी आणि कानस

अमेरिकेत घरी पहिली रायफल जोडायला बसणारे बरेच हौशी लोक सुरुवात ठासणीच्या बंदुकीपासून करतात. अठराव्या शतकात पेनसिल्व्हेनियातल्या जर्मन वंशाच्या कारागिरांनी लांब नळीची, मेपलच्या दस्त्याची जी रायफल घडवली, तिच्या नमुन्यावरचे संच आजही विकत मिळतात. नळी, चकमकीचे लॉक, चाप, पितळी साज आणि बहुतेक कोरून झालेला दस्ता असा हा ऐवज असतो. तिथल्या 1968 च्या केंद्रीय कायद्याने अशा बंदुकांना आधुनिक शस्त्रांपासून वेगळे ठेवले आहे, राज्याराज्यांचे नियम मात्र निरनिराळे. आपल्याकडे पीकसंरक्षणाच्या परवान्यामुळे कोकणात ठासणीची बंदूक नवी नाही, पण 1959 च्या शस्त्र कायद्याखाली परवान्याशिवाय ती तयार करणे हा गुन्हा आहे, तेव्हा हे घरचे काम तिकडचेच समजावे. संच उघडला की पहिल्याच बैठकीत काहीतरी बसत नाही, आणि नवशिक्याचा हात कानशीकडे जातो. माझे म्हणणे असे की जो भाग अडतो तो बहुधा निर्दोष असतो. चूक त्याच्या आधी बसवलेल्या भागात किंवा भोवतालच्या लाकडात असते, आणि ती सापडेपर्यंत धातूला हात लावू नये.

याचा पुरावा जोडणीच्या क्रमातच आहे. सगळ्यात आधी नळी बसते, कारण पुढचे प्रत्येक माप तिच्यावरून निघते. लॉकची पाटी नळीच्या सपाट बाजूला घट्ट टेकली पाहिजे. मध्ये फट राहिली तर रंजक, म्हणजे ठिणगीने पेटणारी बारीक दारू, तिच्यात शिरते. नळीचा कान, म्हणजे रंजकाची आग आतल्या दारूपर्यंत नेणारे भोक, रंजकाच्या वाटीसमोर आले पाहिजे आणि नळीच्या बुडाशी बसवलेल्या डाटेच्या पुढे उघडले पाहिजे. म्हणजे लॉक कुठे बसणार हे नळीने ठरवले. चाप ओढला की जी पट्टी उचलली जाऊन घोडा सुटतो तिला सिअर म्हणतात. ती लॉकमध्ये असते, म्हणून चापाची जागा लॉकने ठरवली. लॉकचा पुढचा स्क्रू तर नळी आणि दारू ठासायच्या गजाचे भोक यांच्यामधल्या लाकडाच्या अरुंद पट्टीतून जातो. हा स्क्रू गजाला घासू लागला की नवशिका स्क्रू बारीक करत बसतो. वास्तविक गजाचे भोक नळीकडे सरकलेले असते, नाहीतर नळी गरजेपेक्षा खोल बसलेली असते. तक्रार करणारा भाग साखळीच्या शेवटी आहे, एवढेच त्याचे पाप.

सगळ्यात फसवा प्रकार म्हणजे हातात घेतलेले लॉक सुरेख चालते आणि दस्त्यात बसवले की अडखळते. घोडा मंदावतो, किंवा पूर्ण चढवूनही थांबत नाही. आता लॉक बाहेर ठीक होते याचा अर्थ दोष लॉकमध्ये नाही, एवढे तर उघड आहे. तरीही घासले जाते लॉकच. शंका घ्यायला जागा तीन-चारच असतात. मुख्य स्प्रिंग वाकताना खाचेच्या भिंतीला लागत असेल, सिअर खाली येताना लाकडावर टेकत असेल, चापाची पट्टी सिअरला आधीपासूनच उचलून धरत असेल, किंवा स्क्रू इतके आवळले असतील की पाटीच किंचित वाकली असेल. स्क्रू थोडे सैल करून लॉक मोकळे झाले तर शेवटचे कारण कळते. चाप काढून पाहिला तर त्याच्या आधीचे कळते. उरलेल्या दोन कारणांसाठी तेलाच्या दिव्याची काजळी आहे. धातूवर काजळी धरायची, भाग सरळ दाबून बसवायचा, तसाच सरळ वर उचलायचा आणि लाकडावर जिथे काळे उमटले तेवढेच पटाशीने खरवडायचे. मग पुन्हा काजळी. भाग तिरका उचलला तर काळे कुठेही लागते आणि ती साक्ष खोटी ठरते. हे काम कंटाळवाणे आहे, हे मी नाकारत नाही. पण बोटांना घट्ट लागते ती जागा आणि काळी उमटते ती जागा क्वचितच एक असते. अंदाजाने कोरलेली खाच मोठी होते आणि मोठी झालेली खाच परत लहान होत नाही.

यावर एक वजनदार आक्षेप आहे. यंत्रयुगात भाग बसवून घ्यावे लागणे हीच बनवणाऱ्याची चूक, दीड शतकापूर्वी सुटलेला प्रश्न आपण कशाला गोंजारायचा? प्रश्न सुटला होता हे खरे. 1854 मध्ये एका ब्रिटिश समितीने अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डच्या सरकारी कारखान्यात 1844 ते 1853 या प्रत्येक वर्षाची एक अशा दहा बंदुका सुट्या करवल्या, भाग एकमेकांत मिसळले आणि कारागिराकडून त्या पुन्हा जोडून घेतल्या. पण तिथे प्रत्येक भाग शेजारच्या भागाशी नव्हे, ठरलेल्या गेजशी, म्हणजे मापाच्या नमुन्याशी, ताडला जात असे. ते गेजचे यश होते. ज्याच्या नावाने सुट्या भागांच्या अदलाबदलीची कल्पना पाठ्यपुस्तकांत शिकवली जाते त्या एली व्हिटनीच्या उरलेल्या मस्केटी पुढे तपासल्या गेल्या, तेव्हा त्यांचे भाग अदलाबदल करण्याजोगे निघाले नाहीत. आणि दुसऱ्या महायुद्धात लाखोंनी बनलेल्या चार नंबरच्या ली-एनफील्ड या ब्रिटिश रायफलीला बोल्टची डोकी 0 ते 3 अशा चार आकड्यांत, क्रमाने किंचित लांब होत जाणारी, मिळत. ज्या रायफलीला जे जुळेल ते घालायचे. उत्तम कारखान्यानेही घासण्यापेक्षा निवडणे पसंत केले, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते. घरच्या संचात तर गेज नसते, ओतीव भाग थंड होताना आकसलेले असतात आणि लाकूड हवेतल्या ओलाव्याने फुगते, सुकते. म्हणून जाणकार नळीच्या खिळ्यांसाठी खालच्या कड्यांतली भोके गोल न ठेवता लांबट करतात. लाकूड सरकले तरी नळीवर ताण येत नाही. सैलपणा कुठे हवा हे ओळखणे हाही जुळणीचाच भाग.

दुसरा आक्षेप आळसाचा असला तरी प्रामाणिक आहे: खाच मोठी झाली तर इपॉक्सी भरा, वर रंग द्या, कोण पाहतो? भरायला हरकत नाही. चिरलेल्या किंवा कमकुवत लाकडाला त्याने आधारही मिळतो. फक्त नळी वाकडी बसली असेल तर इपॉक्सी तिला वाकडीच पक्की करते, आणि मग लॉक, कान, चाप सगळे त्या वाकडेपणाशी जुळवत बसावे लागते.

लाकूड चुकले तर फार तर दस्ता वाया जातो. सिअरचे टोक आणि ते ज्या खाचेत अडकते ती खाच यांचा हिशेब वेगळा आहे. पुष्कळ लॉकमध्ये त्यांचा कठीणपणा वरच्या पातळ थरापुरताच असतो. चाप हलका व्हावा म्हणून तो थर घासला की खालचे मऊ पोलाद लवकर झिजते आणि अर्ध्यावर चढवलेला घोडा आपोआप सुटू शकतो. काजळीने सगळीकडचे लाकूड निर्दोष ठरवले, स्क्रू सैल करून झाले, चाप काढून पाहिला, तरीही घोडा अर्ध्यावर ठरत नसेल, तर ते लॉक अनुभवी बंदूक-कारागिराकडे द्या, आणि ते परत येईपर्यंत त्या नळीत दारू घालू नका.