उर्से गावातून तळेगावाकडे पाहताना

मुंबईहून द्रुतगती मार्गाने पुण्याला जाताना लोणावळ्याच्या पुढे मोठा टोलनाका लागतो, तो उर्से गावचा. प्रवासी टोल देऊन पुढे जातात. आपण जरा येथे थांबू. पवना खोऱ्यातले हे मावळी गाव. एकीकडे भाताची खाचरे, दुसरीकडे कारखान्यांच्या भिंती आणि जवळच तळेगाव दाभाडे.

तळेगावाने चढ-उतार पुष्कळ पाहिले. लोकांकडून एकेक पैसा जमवणाऱ्या पैसा फंडाने १९०८ साली येथे काचेचा कारखाना काढला. शंभर वर्षांनी, २००८ मध्ये, जनरल मोटर्सच्या गाड्या येथे तयार होऊ लागल्या. डिसेंबर २०२० मध्ये ते काम बंद पडले. एका चिनी कंपनीशी झालेला विक्रीचा करारही २०२२ मध्ये बारगळला. कारखाना थांबला की पगार थांबतो, आणि मग खोल्यांचे भाडे, खानावळ, दुधाचा रतीब, सारेच अडते. पुढे २०२३ मध्ये ह्युंदाईने तो कारखाना घेण्याचा करार केला आणि २०२५ मध्ये तेथे पुन्हा गाड्या बनू लागल्या.

गावाला असे बरे दिवस आले की बांधावर दलाल दिसू लागतात. अशा वेळी घाई करू नका. कारखाना बंद पडून पुन्हा सुरू होतो, विकलेले खाचर मात्र परत मिळत नाही. सगळी जमीन विकून सातबाऱ्यावरचे नाव गेले, तर आपल्या राज्यात पुन्हा शेतजमीन घेणेही अवघड होते. व्यवहार करायचाच असेल, तर सातबारा, आठ-अ व फेरफार तपासा. घरातल्या बायकांना विचारा. वडिलार्जित जमिनीत २००५ च्या कायद्याने मुलींचाही मुलांइतकाच वाटा आहे. आलेला पैसा गाडी-बंगल्यात घालण्याआधी विहीर, गोठा आणि मुलांचे शिक्षण यांचा हिशेब मांडा.

जमीन राखणाऱ्यालाही वाढत्या गावाचा लाभ होतो. वडगाव मावळच्या संशोधन केंद्राने १९८७ मध्ये दिलेला इंद्रायणी तांदूळ शहरातले लोक नाव विचारून घेतात. तळेगावात वस्ती वाढली की तांदूळ, दूध, भाजी आणि फुले यांना दाराशीच गिऱ्हाईक मिळते. चार घरांनी मिळून तांदूळ सडून, निवडून, पिशव्यांत भरून विकला, तर मधल्या माणसाचा नफा आपल्या घरात राहतो.

उर्शाकडे आलात तर टोलनाक्यावरून तसेच पुढे जाऊ नका. खाचरेही पाहा, कारखानेही पाहा आणि मग आपल्या रानाचा विचार करा.