पहिलं मांजर आणि बंद खिडक्या

‘आपल्याकडे मांजर घरभर फिरायचं, कुणाला कधी काही झालं नाही. तिकडे गेल्यावरच बऱ्या तुम्हाला अ‍ॅलर्ज्या होतात!’ लंडनमधल्या एखाद्या मराठी घरात पहिलं मांजर आणायचं घाटू लागलं आणि त्या घरात मांजराजवळ शिंका येणारं कुणी असलं, की पालघर-बोईसरहून फोनवर हे वाक्य येतंच. त्यावर रागावण्याचं कारण नाही. पण ते कानाआडही करता येत नाही, कारण त्याच्या भरवशावर निर्णय घेतले जातात. गावी चालत होतं, मग इथेही चालेल, असं म्हणून मांजर आणलं जातं. मग डोळे सुजतात, रात्री छाती भरते आणि दोन-तीन महिन्यांत ते मांजर जिथून आणलं त्या संस्थेत परत जातं. माणसाला गोळीने उतार पडतो. मांजराला मात्र एका घराची सवय होता होता ते सोडावं लागतं, आणि हे टाळता येण्यासारखं असतं म्हणून मला ते फार लागतं. फोनवरच्या वाक्यातलं निरीक्षण खरं आहे, निष्कर्ष चुकलेला आहे. पालघरच्या किनाऱ्यावर मांजर सोसवलं याचं मोठं श्रेय तिथल्या घरांच्या बांधणीला जातं. म्हणून अ‍ॅलर्जी असणाऱ्याने मांजर आणावं की नाही याचं उत्तर गावच्या आठवणीत सापडणार नाही. ज्या खोल्यांत आपण आज राहतो तिथेच ते शोधायला हवं.

मुळात त्रास केसांचा नसतो. मांजराच्या लाळेत आणि कातडीतल्या तेलकट ग्रंथींत एक प्रथिन तयार होतं, शास्त्रज्ञ त्याला ‘फेल डी १’ म्हणतात. मांजर दिवसभर अंग चाटतं, ते प्रथिन केसांवर वाळतं आणि कोंड्याबरोबर त्याचे कण हवेत जातात. त्यातले बरेच कण पाच मायक्रॉनहूनही बारीक असतात, त्यामुळे ते खाली बसत नाहीत, तासन्‌तास तरंगत राहतात. गादीतल्या धुळीत वाढणाऱ्या माइट किड्यांचे कण तुलनेने जड असतात. अंथरूण झटकलं की उडतात आणि लवकर खाली येतात. म्हणून माइटची अ‍ॅलर्जी असणारा सकाळी उठल्यावर शिंकतो, आणि मांजराची असणारा मांजराच्या घरात पाऊल टाकल्यावर थोड्याच वेळात डोळे चोळू लागतो, मग मांजर समोर असो वा नसो. हे कण कपड्यांनाही चिकटतात. ज्या घरांत कधी मांजर नव्हतं तिथल्या धुळीत आणि शाळेच्या वर्गांतही ते सापडले आहेत. थोडक्यात, मांजराजवळ जाणं न जाणं याला फारसा अर्थ नाही. बंद जागेतल्या हवेत कण किती साठतात आणि किती वेगाने बाहेर पडतात, यावर सारं ठरतं.

आता सातपाटीचं घर डोळ्यांसमोर आणा. पापलेटसाठी नाव कमावलेलं ते गाव. २०२३ मध्ये पापलेट महाराष्ट्राचा राज्यमासा झाला तेव्हा तिथल्या मच्छीमारांच्या मागणीला यश आलं. तिथली मांजरं बंदरावर, बोंबील सुकवायच्या बांबूंखाली, मासळी साफ करणाऱ्या बायकांच्या पायांशी वाढतात. घरात येतात ती वासावर आणि भात-माशाचा घास मिळाला की ओट्यावर जाऊन झोपतात. कुणाच्या गादीत त्यांना जागा नसते. दारं दिवसभर उघडी, जमीन लादीची किंवा कोब्याची, ती रोज झाडली जाते आणि ओल्या फडक्याने पुसली जाते. याउलट लंडनचा भाड्याचा फ्लॅट: भिंतीपासून भिंतीपर्यंत कार्पेट, दुहेरी काचेच्या खिडक्या, ऑक्टोबर ते एप्रिल हीटिंग वाया जाऊ नये म्हणून त्या बंद, कापडी सोफा, आणि जमिनीवर पाण्याचा थेंबही नाही. १९९१ मध्ये अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात गुळगुळीत फरशीच्या तुलनेत कार्पेटमध्ये मांजराचं प्रथिन शंभरेक पट साठलेलं आढळलं. वर मजला दुसरा-तिसरा असेल तर मांजर बाहेर जाणार कुठे? चोवीस तास ते त्याच दोन खोल्यांत, त्याच पांघरुणावर. सातपाटीत मांजर घरी येऊन जातं. इथे घर हीच त्याची दुनिया असते.

बोईसरच्या वाचकांना हे पटवायला मला तारापूर एमआयडीसीपेक्षा चांगला दाखला सापडत नाही. पास्थळ, सालवड, कोळवडे, कुंभवलीच्या लोकांना हवा साठणं म्हणजे काय हे कुणी शिकवायला नको. दिवसा खारे वारे सुटतात, जमीन तापलेली असते, हवा वर चढते आणि धूर पांगतो. हिवाळ्याच्या रात्री जमीन लवकर थंड होते, थंड जड हवा खाली बसते, तिच्यावर उबदार हवेचं झाकण पडतं, आणि दिवसा जाणवलाही नसता इतका वायू पहाटे घशात उतरतो. कंपन्या मुद्दाम रात्री वायू सोडतात हा तिथला आरोप जुना आहे, तो हलका मानण्यासारखा नाही. पण समजा दिवसरात्र सोडणं सारखंच ठेवलं, तरी रात्रीच त्रास जास्त होईल. चिमणी तीच, बाहेर पडणारं तेवढंच, तरी फुप्फुसात जाणारं वेगळं. २०१८ च्या केंद्रीय प्रदूषण निर्देशांकात तारापूर ९३.६९ गुणांसह देशातल्या औद्योगिक क्षेत्रांत सर्वांत वर होतं. अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने राष्ट्रीय हरित लवादात दाद मागितली ती या परिसराचं पाणी, हवा आणि मासेमारी यांच्या नासाडीसाठी. इतकं भोगलेल्या भागातल्या माणसाला ‘तेच मांजर, मग तिथेच त्रास का’ असा प्रश्न पडू नये. लंडनचा बंद फ्लॅट म्हणजे वारा पडलेली ती हिवाळी रात्र आहे, आणि ती सहा महिने टिकते. दाखल्याची मर्यादाही सांगायला हवी: रासायनिक वायू कमीअधिक सगळ्यांनाच झोंबतो, मांजराचं प्रथिन मात्र ज्यांच्या शरीरात त्याविरुद्ध आयजीई प्रतिपिंडं तयार झाली आहेत त्यांनाच छळतं.

तारापूरमुळे आणखी एक गोष्ट झाली. ‘कुणाला कधी काही झालं नाही’ हे तपासूनच कुणी पाहिलेलं नाही. बोईसरमध्ये नाक वाहिलं तर कंपनीचा वायू, किनाऱ्यावर वाहिलं तर दमट हवा, डिसेंबरात वाहिलं तर थंडी बाधली. ही कारणं खरी असू शकतात. कोकणच्या दमट हवेत माइटही भरपूर पोसतात. इतक्या कारणांच्या गर्दीत मांजराचं कारण वेगळं काढायचं तर त्वचेवरची किंवा रक्तातली चाचणी लागते, आणि साध्या शिंकांसाठी ती कोण करतं? अ‍ॅलर्जी परदेशात जन्मली असं वाटतं, त्यातल्या बऱ्याच वेळा ती तिथे फक्त ओळखली गेलेली असते.

यावर जाणकार वाचक एक वजनदार आक्षेप घेतील: लहानपणापासून मांजरात वाढलेल्यांना अ‍ॅलर्जी होत नाही, असं संशोधनच सांगतं ना? काही अंशी सांगतं. २००१ मध्ये प्लॅट्स-मिल्स आणि सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये दाखवलं, की ज्या घरांत मांजराचं प्रथिन खूप जास्त होतं तिथल्या काही मुलांत अ‍ॅलर्जीची प्रतिपिंडं कमी आणि वेगळ्या, निरुपद्रवी जातीची प्रतिपिंडं जास्त होती. म्हणजे सहवासाने शरीर नमतं घेऊ शकतं. पण सगळ्यांचं नाही, आणि कायमचं तर नाहीच. घरच्या मांजरासोबत सुखाने राहणारी अमेरिकन मुलं कॉलेजसाठी दूर जातात आणि सुट्टीत परतल्यावर त्याच मांजराने शिंकू लागतात, हे तिथल्या डॉक्टरांना चांगलं परिचयाचं आहे. मग गाव सोडून वर्षं लोटलेल्या माणसाने बालपणीच्या सवयीचा दाखला कशाच्या बळावर द्यावा? ‘आणा तर खरं, होईल सवय’ हा सल्ला मला म्हणूनच बेजबाबदार वाटतो. एखाद्याला ती होईलही. दम्याच्या माणसावर हा प्रयोग करू नये.

दुसरा आक्षेप पैशाने सोडवायचा असतो: सायबेरियन घ्या, बिनकेसांचं स्फिंक्स घ्या, त्यांनी अ‍ॅलर्जी होत नाही. प्रथिन लाळेत आहे, त्यामुळे केस नसण्याने ते नाहीसं होत नाही. एकाच जातीच्या दोन मांजरांत त्याचं प्रमाण बरंच वेगळं असू शकतं, आणि अ‍ॅलर्जीमुक्त म्हणून खात्रीने विकत घ्यावी अशी कोणतीही जात सिद्ध झालेली नाही. बोक्यात ते जास्त असतं आणि खच्चीकरणानंतर घटतं, हे मात्र माहीत आहे. इथल्या संस्था नसबंदी करूनच मांजर देतात, म्हणून त्यांच्याकडचं साधं मांजर महागड्या पिल्लापेक्षा कमी धोक्याचं असू शकतं. अलीकडे एका खाद्याचा बोलबाला आहे. कोंबडीच्या अंड्यातली प्रतिपिंडं त्यात मिसळलेली असतात, ती मांजराच्या तोंडातच प्रथिनाला निकामी करतात. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तिसऱ्या आठवड्यापासून केसांवरचं सक्रिय प्रथिन सरासरी ४७ टक्के घटलेलं दिसलं. अभ्यास खाद्य बनवणाऱ्यांचाच आहे हे लक्षात ठेवून, आणि निम्मं उरतंच हे न विसरता, ते वापरायला माझी हरकत नाही.

मग करावं काय? आधी चाचणी. त्वचेवरच्या चाचणीचा निकाल पंधरा-वीस मिनिटांत मिळतो, मात्र सेटिरिझिनसारख्या गोळ्या आधी काही दिवस थांबवाव्या लागतात. रक्ताच्या चाचणीला ती अट नाही. त्यानंतर जे मांजर आणायचं आहे त्याच मांजराच्या सहवासात, एकदा नाही तर अनेकदा, बसून यावं. तात्पुरतं सांभाळणारी घरं इथल्या संस्थांना हवीच असतात. ती वाट मला सर्वांत प्रामाणिक वाटते, कारण मांजर परत जाणार हे पहिल्या दिवसापासून दोन्ही बाजूंना ठाऊक असतं. फक्त पहिल्या आठवड्यात काही झालं नाही म्हणून हुरळून जाऊ नये. साठा हळूहळू वाढतो, म्हणून निदान महिना-दीड महिना जाऊ द्यावा. या काळात निजायच्या खोलीचं दार मांजराला बंद म्हणजे बंद. हा नियम पहिल्या रात्री लावला तर टिकतो, नंतर लावता येत नाही. अंगावरचे केस विंचरणं, मातीचा ट्रे साफ करणं ही कामं अ‍ॅलर्जी नसलेल्याने करावीत. मांजराला आंघोळ घालून प्रथिन उतरतं, पण आठवड्याभरात पुन्हा पहिल्यासारखं होतं, तेव्हा त्या बिचाऱ्याला पाण्यात घालण्यात अर्थ नाही. हवा गाळणारं हेपा यंत्र हवेतले कण कमी करतं, परंतु लक्षणं त्या मानाने कमी होतातच असं नाही. खर्च करायचाच तर कार्पेट काढण्यावर करावा. इथे भाडेकरूची अडचण आहे: इंग्लंडच्या २०२५ च्या भाडेकरू हक्क कायद्याने पाळीव प्राण्यासाठी परवानगी मागण्याचा हक्क दिला, वाजवी कारणाशिवाय मालकाला नकार देता येणार नाही असं ठरवलं, कार्पेट उखडण्याचा हक्क काही दिलेला नाही. म्हणून मांजर हवं असेल तर घर शोधतानाच लाकडी किंवा लॅमिनेटची जमीन पाहावी. आणि हिवाळ्यातही दिवसातून दोनदा समोरासमोरच्या खिडक्या दहा मिनिटं उघडाव्यात. हीटिंगचं बिल थोडं वाढेल, वाढू द्यावं.

एवढा खटाटोप एका मांजरासाठी कशाला, असं कुणी विचारील. ज्यांचा दिवस चार वाजता मावळतो आणि शेजारी महिनोन्‌महिने दिसत नाहीत, त्यांना घरात एक जिवंत प्राणी असण्याची किंमत समजावून सांगावी लागत नाही, आणि ती गरज मी दुय्यम मानत नाही. माझा आग्रह फक्त इतकाच, की घरात दम्याचा रुग्ण असेल तर मोह आवरावा. त्यात सहा महिन्यांच्या व्हिसावर येणारे आईवडीलही धरावेत. ते येणार म्हणून मांजर पंधरा दिवस मित्राकडे ठेवून भागत नाही: बाल्टिमोरमधल्या १९८९ च्या अभ्यासात मांजर हलवल्यावरही घरातलं प्रथिन मांजर नसलेल्या घरांइतकं खाली यायला बहुतेक ठिकाणी वीस ते चोवीस आठवडे लागले. बोईसरची हवा आयुष्यभर ओढलेल्या फुप्फुसांना पाहुण्यांच्या खोलीतला तो साठा पहिल्याच रात्री कळतो.

आणि फोनच्या पलीकडच्यांनीही आता आपल्या घराकडे पाहायला हवं. बोईसर-पालघरच्या नव्या टॉवरांत सरकत्या काचा लावून एसी चालतो, दिवाणखान्यात जाड कापडी सोफा असतो, आणि त्या सोफ्यावर आता विकत आणलेलं पर्शियन मांजर झोपतं, जे कधी ओट्यावर जात नाही. तिथे मुलाला वारंवार सर्दी होत असेल आणि मांजर आणायचं ठरत असेल, तर आजीच्या घरी काय चालत होतं हे विचारण्याआधी त्याच्या रक्ताची चाचणी करून घ्यावी.